ओरछ्याच्या वाटेवर बंद पडणारी गाडी

नमस्कार. बसा, सगळे बसा. कुशवाहा भैया, आप पीछे क्यों खड़े हैं, आगे आइए.

अशा शोकसभेत सहसा घरची बाई बोलत नाही. ती पुढच्या खुर्चीत बसते, पदर डोळ्यांना लावते आणि बाकीचे बोलतात. आत्ता तुम्ही सगळे बोललात. आमचे यजमान, वसंतराव, किती शांत होते, किती मदत करायचे, पाटबंधारे खात्यात कसे चोख काम करायचे. सगळं खरं आहे. पण मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस कोण? मला तर ठाऊक नाही. कारण माझ्या वाट्याला जे आले ते काही शांतबिंत नव्हते. म्हणून आपल्या मराठी समाजाच्या अध्यक्षांना म्हटलं, मलाही थोडं बोलू द्या. बोलता येईल की नाही माहीत नाही. मध्येच थांबले तर घाई करू नका.

आणि आपले हिंदी बोलणारे शेजारी आलेत, त्यांची माफी मागते. भैया, बाज़ार मैं हिंदी में कर लेती हूँ, रोना मुझे मराठी में ही आता है.

तर गाडी. आमची पांढरी अ‍ॅम्बेसेडर तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. काहींनी ढकलली आहे. हसू नका, नाहीतर हसा, यांना आवडलं असतं. सासऱ्यांनी घेतलेली गाडी. मी मिरजेहून लग्न होऊन झाशीला आले ती स्टेशनापासून घरापर्यंत याच गाडीतून. त्या दिवशी यांनी माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलावं? "खिडकीची काच वर करू नका, परत खाली येत नाही." एवढंच. मला वाटलं, चला, माणूस निदान सरळ आहे.

पुढे संसारात माझी एक जागा ठरून गेली. बोनेट उघडलेलं, त्याच्या पलीकडे हे, आणि अलीकडे स्टिअरिंगवर मी. रविवार सकाळ, अंगण, आणि पलीकडून आवाज, "दे." मी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. "सोड." मी सोडायचा. "हळू दे गं, पुरण वाटतेस का?" यांचा चेहरा दिसायचा नाही. पांढरा पत्रा दिसायचा आणि आवाज यायचा. पण आवाजावरून मला सगळं कळायचं. कपाळाला आठी आहे की नाही, चहा पाहिजे की नाही, गाडीवर चिडलेत की ऑफिसातलं काही डोक्यात आहे. सबंध आयुष्यात आम्ही समोरासमोर बसून फार बोललो नसू. बोललो ते बोनेटच्या दोन बाजूंनी.

यांचा जीव त्या कार्ब्युरेटरमध्ये. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांना सांगते, मलाही कळत नव्हतं. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात ना, ती जागा. पेट्रोल कमी झालं तर गाडी खोकते, जास्त झालं तर काळा धूर. हे तो खोलून बसायचे. माझी परात घ्यायची, तीत पेट्रोल ओतायचं, एकेक भाग धुवायचा आणि ओसरीवर जुन्या चादरीवर ओळीने मांडायचा. त्या ओळीला कुणी हात लावायचा नाही. झाडू मारायला आलेल्या बाईने एकदा चादर उचलून झटकली, तर हे तिला सोडून मलाच म्हणाले, "तू कुठे होतीस?" बारीक भोकांत तार घालायची नाही, भोक मोठं होतं, सायकलच्या पंपाने हवा मारायची. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवत बसायचं, कुठून हवा चोरून आत येते ते ऐकायला. डॉक्टरांच्याही वर.

आणि एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू फिरवला तर फक्त स्क्रू. मग चक्कर मारून यायची. मगच दुसरं. हा नियम गाडीपुरता असता तर मी काही म्हटलं नसतं. पण आमटी बिघडली आणि मी मीठ-गूळ एकदम घातलं की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "आता कळणार कसं, कशाने सुधारली?" अहो, सुधारली ना? मग जेवा. दवाखान्यातसुद्धा तेच. हृदयाचं दुखणं निघालं, त्या डॉक्टरांनी औषधं बदलली, तर हे त्यांना म्हणतात, "डॉक्टर साहब, दो गोलियाँ एक साथ बदल दीं, अब पता कैसे चलेगा कौन-सी लगी?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दरवर्षी ओरछ्याला जायचो. लांब कुठे आहे ते? दर्शन घ्यायचं, मग बेतवेच्या काठी मोठमोठे दगड आहेत त्यांवर बसायचं, डब्यातल्या दशम्या खायच्या आणि उन्हं कलायच्या आत घरी. बस, एवढीच आमची चैन. मुलं लहान होती तेव्हा मुलांसकट, मग आम्ही दोघंच.

गेल्या वर्षी निघालो आणि गाडी रस्त्यात बंद पडली. ओरछ्याला वळायचा तिगैला, तो तिठा आहे ना, त्याच्या आधीच. उघड बोनेट, बघ कार्ब्युरेटर. थोड्या वेळाने सुरू झाली. जरा पुढे गेली, पुन्हा बंद. परत आलो. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात तेच. घरच्या अंगणात तासभर चालायची, तक्रार नाही. रस्त्याला लागली, थोडं अंतर गेली, की आचके देऊन गप्प.

मग काय विचारता. वर्षभर आमच्याकडे दुसरा विषय नाही. कचरा असेल म्हणून खोलला. कचरा नव्हता. पेट्रोल अडवणारी सुई झिजली असेल म्हणून कानपूरहून नवी मागवली. नियमाप्रमाणे फक्त सुईच बदलली. चक्कर मारली, बंद. मग यांना वाटलं, उष्णतेने पेट्रोलची वाफ होत असेल. म्हणून पेट्रोल पंपावर ओला टॉवेल गुंडाळायचा. इंजिनातल्या पंपावर हो, रस्त्यावरच्या नाही. गाडी थांबली की मी बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतायची आणि आम्ही दोघं झाडाखाली बसायचो. गाडी सुरू व्हायची. हे म्हणायचे, "बघ, टॉवेलने झालं." आणि पुढच्या वळणावर पुन्हा बंद. घरी येईपर्यंत गल्लीत बातमी पोचलेली असायची. कुशवाहा भैया सीपरी बाज़ारातलं दुकान उघडायला निघता निघता विचारायचे, "काय भौजी, आज फिर रुक गई का?"

मुलगा, निखिल, पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, विकून टाका. डॉक्टरांनी गाडी ढकलायला मना केलंय." मी म्हणायची, अहो, ओरछ्यालाच जायचंय ना, टॅक्सी करू, तासाभरात पोचू. त्यावर हे काय म्हणाले माहितीये? "टॅक्सीने ओरछ्याला पाहुणे जातात. आपण पाहुणे आहोत का?" यांची किती पिढ्यांपासूनची झाशी.

पण एक दिवस चादरीपाशी बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा तुला ओरछ्याला नेऊन आणतो. मग निखिल म्हणतो तशी देऊन टाकू गाडी." मी हातातले वाटाणे सोलत राहिले. तुम्हीच सांगा, याचा अर्थ मला कळला नसेल का? यांचे पाय सुजायला लागले होते. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि खिडकीतून बाहेर बघतोय असं दाखवायचे. यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त आम्ही दोघंही कार्ब्युरेटरबद्दल बोलत होतो.

होळी झाली आणि पुन्हा निघालो. पुन्हा त्याच रस्त्यावर बंद. मी टॉवेल घेऊन उतरले. तर हे म्हणाले, "थांब, पेट्रोल तर आहे ना बघू." आमचा पेट्रोलचा काटा कधीचा मेलेला, काठी घालूनच बघायचं. मागे जाऊन यांनी टाकीचं झाकण फिरवलं. आणि आवाज आला. सूं करून हवा आत गेली. मीसुद्धा ऐकला. हे झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "स्टार्टर मार." मी मारला. गाडी सुरू. टॉवेल नाही, पाणी नाही, काही नाही.

मग समजावून सांगितलं. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. दुसरं नसलं तर तेल अडतं. तसंच टाकीचं. झाकणातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल पुढे ओढलंच जात नाही. घरी दुरुस्तीच्या वेळी काठी घालायची म्हणून झाकण काढूनच ठेवलेलं असायचं, त्यामुळे घरी गाडी कधी बंद पडायची नाही. वर्षभर खोलून खोलून धुतला तो कार्ब्युरेटर. त्या बिचाऱ्याला काही झालंच नव्हतं.

पण झाकणातली हवा अडवली कुणी? यांनीच. त्याआधीच्या वर्षी मला गाडीत पेट्रोलचा वास यायचा, मळमळायचं. झाकण सैल झालं होतं, नवं मिळेना. मी दोनदा-तीनदा कुरकुरले असेन. गेल्या वर्षी ओरछ्याला निघायच्या थोडे दिवस आधी यांनी टायरच्या जुन्या ट्यूबची चकती कापली आणि झाकणाच्या आत घट्ट बसवली. वास गेला. त्या वाटेवर गाडी पहिल्यांदा बंद पडेपर्यंत मी मजेत बडबडत होते, हे मला आठवतं. चकती लावल्याचं मात्र हे साफ विसरले. ज्याने एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून अख्ख्या घराला शिस्त लावली, त्याच्या ध्यानातच राहिलं नाही की आपण एक गोष्ट बदलली होती. मी म्हटलं, अहो, असं कसं विसरलात? तर म्हणाले, "ती दुरुस्ती थोडीच होती? ते तुझ्यासाठी केलं होतं."

यावर मी तिथे काही बोलले नाही. आज बोलते. अहो, असं आधी कधी बोलला नाहीत. एकदा तरी बोलायचं होतं.

त्या दिवशी पुढे गेलो नाही. हे दमले होते. घरी येऊन सुई तापवून चकतीला बारीक भोक पाडलं. म्हणाले, रविवारी जाऊ. दशम्यांचं पीठ दळून आणलं मी. शुक्रवारी सकाळी चहा पिऊन हे ओसरीवर बसले, पेपर उघडला, आणि मी कप उचलायला गेले तर हे नव्हते. पेपर तसाच मांडीवर होता. बाकी तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सगळे धावून आलात.

अस्थी बेतवेत सोडायच्या ठरल्या. निखिल म्हणाला, "आई, मोठी गाडी सांगितली आहे." मी म्हटलं, नको. बाबांच्या गाडीतून जायचं आणि मी चालवणार. तो घाबरला. म्हणाला, "रस्त्यात बंद पडली तर?" मी किल्ली उचलली. तो शेजारी बसला, कलश मांडीवर घेऊन.

तुम्हाला काय सांगू, इतकी सुरेख गाडी मी कधी चालवली नव्हती. आचका नाही, खोकला नाही. पहिल्यांदा बंद पडली होती ती जागा गेली. ज्या झाडाखाली आम्ही बसायचो ते झाड गेलं. निखिल म्हणाला, "आई, काय मस्त चालते आहे." आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, पड. आता तरी बंद पड. जरा थांबू, खाली उतरू, थोडा वेळ बसू. नदी यायला अजून वेळ लागू दे. तिगैला आला. मी वळले. तरी चालतच राहिली.

यांनी काम पक्कं केलं होतं हो. यांचं काम मी आयुष्यभर नावाजलं नाही, ते त्या दिवशी असं पक्कं निघालं की मला थांबायला जागाच ठेवली नाही. आम्ही वेळेच्या आधी पोचलो. निखिलने कलश उचलला आणि माझी मांडी रिकामी असूनही मला उठता येईना.

आता आपण सगळे यांच्यासाठी थोडा वेळ उभे राहू या, काही न बोलता. वसंतराव, माझा नमस्कार घ्या.

आणि एक विनंती आहे. किती वेळ उभं राहायचं ते तुमच्यापैकी कुणीतरी ठरवा, आणि झालं की मला "बसा" म्हणा. माझ्याच्याने ते होणार नाही.