आहेरकाकांच्या नकाशातली गिरणी

आहेरकाकू, काकांचे नातेवाईक, आपल्या कॉलनीतली मंडळी, आणि मेन रोडकडून, गोदाकाठच्या आपल्या गंगेवरून आलेले तुम्ही सगळे. तुमच्यातल्या अनेकांची नावं मला अजून ठाऊक नाहीत.

काकांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले. रडू येईल अशी भीती नव्हती. चारचौघांत रडायची सवय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेतच मोडली होती. पण काकांबद्दल बोलायचं तर मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना मी फारशी चांगली दिसत नाही. तरी सांगते.

काका निफाडकडचे. सगळी नोकरी पाणीखात्यात केली. घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. नाशिकची अशी गल्ली नसेल जिथे ते पायी गेले नाहीत. निवृत्त झाले आणि आपल्या कॉलनीत राहायला आले. नव्वदच्या पुढची ती वर्षं आठवा. आपला पत्ता म्हणजे सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर. रस्त्याला नाव नाही, दिवे नाहीत. पाहुणा अशोकस्तंभापर्यंत यायचा आणि तिथून हरवायचा.

मग आपण सगळे काकांकडे जायचो. काका नकाशा काढून द्यायचे. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, निळ्या बॉलपेनने. पण लगेच नाही द्यायचे. "उद्या या," म्हणायचे. संध्याकाळी चपला घालून तो रस्ता स्वतः चालून यायचे आणि मगच काढायचे. शंभर वेळा गेलेला रस्ता असला तरी चालून यायचे. काकू म्हणायच्या, "अहो, रस्ता काय रात्रीतून पळून जातो का?" काका म्हणायचे, "रस्ता नाय पळत. माणसं हालतात."

माझ्या मुलीचा साखरपुडा होता. पुण्याची माणसं यायची होती. मी नकाशा मागितला. हातात घेतला तर त्यात अंतर नाही, दिशा नाही. एक वेडीवाकडी रेघ, आणि प्रत्येक वळणावर लिहिलेलं, 'इथे विचारा.' पिंपळाखालचे शिंपी, इथे विचारा. रसवंती, बंद असेल तर शेजारी विचारा. आम्हाला भूगोल इंग्रजीत शिकवलेला. नकाशा म्हटला की वर उत्तर पाहिजे.

मी विचारलं, "काका, यात उत्तर कुठे आहे?"

काका म्हणाले, "ताई, पाहुणे काय होकायंत्र घिऊन येत्यात का?"

पाहुणे वेळेवर आले. आल्या आल्या नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "तुमचे शिंपी फार सज्जन आहेत हो, पाणी प्यायला दिलं."

हे आपलं असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं. मी काही जुनं ते सोनं म्हणणारी बाई नाही. घरात संगणक आला तशी मीही शिकले. रेल्वेचं वेळापत्रक त्यावर बघते, विजेचं बिल त्यावर भरते, वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यावरून पाठवते. सोय आहे. पण ही सगळी कामं आधीही होत होती आणि तितकीच बरी होत होती, एवढं मला नोंदवायचं आहे. वेळापत्रक स्टेशनवर फोन करून कळायचं. शुभेच्छा द्यायला लोक घरी यायचे, जरा जास्त वेळ बसायचे, एवढाच काय तो त्रास.

माझा भाऊ शरद बंगळूरला असतो. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा संगणकावरून नाशिकचा नकाशा छापून घेऊन आला. काकांपुढे पसरला. "बघा काका, तुमची गल्लीसुद्धा आहे यात."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला, बराच वेळ बोट फिरवलं. "लय भारी हाय," म्हणाले. "समदं बरोबर हाय." मग म्हणाले, "पण शरदराव, यात विचारायचं कुणाला?"

"विचारायचंच नाही काका! तीच तर गंमत आहे."

काका हसले. "मंग माणूस मुक्याने येणार का?"

यावर दोघांनी चहा घेतला. भांडण वगैरे काही झालं नाही. शरद मात्र तेव्हा नकाशा दाखवायला आलेला नव्हता. तो आईसाठी आला होता.

आता माझी गोष्ट. आई माझ्याकडे असते. ऐंशीच्या पुढची आहे. कॉलनीतून गंगेपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं, आणि दर बुधवारी गंगेवरच्या बाजाराला जायचं, एकटीने जायचं, हा तिचा नेम. भाजी दारावर मिळते. तिला भाजी नको असते, बुधवार हवा असतो. दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी नावं, मग दिवस. एका बुधवारी परतलीच नाही. पार द्वारका चौकात सापडली. एका भल्या रिक्षावाल्याने घरी आणलं.

शरद येऊन म्हणाला, "आता एकटीला सोडायचं नाही. बाहेरून कडी लाव." मी लावली. चार बुधवार लावली. स्वतःच्या आईला घरात कोंडून मी भाजी आणायला जायचे. ती आतून म्हणायची, "तुला चांगल्या शाळेत घातली, सिस्टरांच्या हाताखाली. हेच शिकलीस होय गं?"



पाचव्या बुधवारी काकांनी ती कडी पाहिली. आत गेले, आईला म्हणाले, "आई, मला बाजाराला जायचंय. वाट दाखवता का?"

आई म्हणाली, "जन्म गेला नाशकात आणि बाजार ठाऊक नाही?"

"नाय ना. दाखवा."

काकांनी तिला पुढे घातलं आणि आपण मागे चालले. प्रत्येक वळणावर विचारायचे, "आता कुठं?" ती सांगेल ते लिहून घ्यायचे. असे तीन बुधवार गेले. मग एका पत्रिकेच्या पाठीवर तिच्यासाठी नकाशा तयार झाला. मोठी अक्षरं. इथे विचारा, इथे विचारा, इथे विचारा.

मी वाचला. मधल्या वळणावर लिहिलं होतं, 'गिरणी. इथे विचारा, मग डावीकडे.' मी म्हटलं, "काका, ती गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली. तिथे मोबाइलचं दुकान आहे."

"माहीत हाय. त्याच्या आधी मीटर मीच वाचायचो ना तिथलं."

"मग चुकीचं कसं लिहिलंत? शरद बघेल तर काय म्हणेल?"

"वाट शरदरावांना चालायची हाय का तुमच्या आईला? त्यांना तिथं गिरणी दिसती. मंग तिथं गिरणी."

मला पटलं नाही. खरंच सांगते, मला ते वेडेपणाचं वाटलं. त्या बुधवारी कडी काढली, आईला जाऊ दिलं, आणि पन्नास पावलं मागे ठेवून चोरासारखी तिच्या मागे गेले. आई त्या वळणावर थांबली. दुकानासमोर उभी राहिली, मोबाइलच्या पाट्यांकडे बघत. मी धावणारच होते. तिने दुकानदाराला विचारलं, "अहो, इथली गिरणी कुठे गेली?"

दुकानदार हातातलं काम ठेवून उठला, बाहेर आला. म्हणाला, "हीच गिरणी, आजी. दळण झालं की डावीकडे वळा."

ती वळली. मी दुकानदारांना गाठलं आणि विचारलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, "मॅडम, आहेरकाका चार वेळा येऊन माझ्याकडून पाठ करून घेऊन गेलेत. गिरणी म्हणायचं, मोबाइल म्हणायचं नाही. पुढे फुलवालीला पण सांगून ठेवलंय."

म्हणजे काकांनी कागदावर काढला तो नकाशा निम्माच होता. बाकीचा त्यांनी माणसांमध्ये काढून ठेवला होता.

दोन वर्षं आई दर बुधवारी गेली. एकदा तीन तास उशीर झाला. एकदा तीन किलो गवार घेऊन आली. पण आली.

काका सोमवारी गेले. त्यानंतरच्या बुधवारी मी आईला सांगितलं, आज मंगळवार आहे. तिने मानलं. मला वाईट वाटलं, पण सोपंही वाटलं. मग दहावा आला. तोही बुधवारच. मला सकाळी घाटावर जायचं होतं. आई पिशवी काढून बसली होती. तिला कोणीतरी वार सांगितला होता. दारात मी थांबले. हात कडीवर होता. मी ती लावली नाही. म्हटलं, रस्त्यात माणसं आहेत.

घाटावर पोहोचले. विधी सुरू व्हायचे होते. सहज मागे पाहिलं तर मोबाइलच्या दुकानाचे मालक उभे. त्यांच्या शेजारी फुलवाली. तिच्यामागे शिंपी. पलीकडे चहावाला, पाववाला, सगळे. दुकानं बंद करून आलेले. काकांवर माया करणारी सगळी माणसं तिथे होती. आणि आई रस्त्यात होती.

मी दुकानदारांना एवढंच म्हणाले, "आज बुधवार आहे." ते, फुलवाली आणि मी असे तिघे घाटाच्या पायऱ्या चढून धावत सुटलो. एक गल्ली पाहिली, दुसरी पाहिली. दुकानाचं शटर बंद. समोर कोणी नाही.

आई सापडली ती बाजारात. मेथी निवडत होती. एका कॉलेजच्या मुलीने तिचा दंड धरला होता. मुलगी म्हणाली, "काकू, या आजी म्हणाल्या गिरणी आज बंद आहे, मला बाजारापर्यंत सोड."

मी विचारलं, "आई, कुणाला विचारलंस गं वाटेत?"

आई म्हणाली, "जो समोर येईल त्याला. एवढं काय त्यात?"

मग मी तिला घाटावर घेऊन आले. तिने काकांच्या फोटोकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. हात मात्र जोडले.

म्हणून आज माझी एक विनंती आहे. काकांच्या स्मरणार्थ काय करावं याचं बोलणं चाललंय. वाचनालय म्हणतात, बाकडं म्हणतात. जरूर करा. पण त्याआधी हे ऐका. येत्या बुधवारी आई बाजाराला जाणार आहे. एकटी. शरदला मी काल फोनवर सांगितलं. तो चिडला, आणि मी ऐकून घेतलं. ती तुमच्यापैकी कुणालाही भेटेल. जे आता नाही, ते कुठे आहे असं विचारेल. तिला दुरुस्त करू नका. इथेच आहे म्हणा, आणि हाताने वाट दाखवा. ती आज ना उद्या चुकेल, हे मला माहीत आहे. तो दोष माझा, तुमचा नाही.

काकू, तुम्ही बसून राहा, तुमचे गुडघे दुखतायत. बाकी आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.