भाषण आणि गणपतीचे डोळे

माझं भाषण भारी झालं म्हणता ना? खरं काय झालं ते सांगते. रोह्याच्या कॉलेजात वर्गाला पटवायचं होतं, यंदा घरी शाडूचाच गणपती आणा. सर म्हणाले, "समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल."

झालं! पेणला आमचा मूर्तींचा कारखाना. आठवीपासून मी गणपतीचे डोळे आखते, आणि रेघ हलू नये म्हणून तेव्हा श्वास रोखायचा, ही हाडात मुरलेली सवय. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं आणि माझा श्वासच थांबला. मान खाली घातली, एक वाक्य बोलले. वर बघितलं, परत गप्प. वर्गाला वाटलं, पोरीला भरून आलंय. शेवटी सरांनी विचारलं, शाडूचा कोण आणणार, तर निम्म्याहून जास्त हात वर!

सर म्हणाले, "काय थांबत होतीस! मुद्दाम ना?"

"व्हय सर," मी पटकन म्हटलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते डोळाच आखत होते, त्यामुळे गप्प. रेघ संपली, श्वास सोडला, मग म्हणाले, "व्हय म्हणालीस तेव्हा सरांच्या डोळ्यांत बघत होतीस गो?"

"नाय."

"तरीच अडखळली नायस."