निम्मा म्हणजे संपला नव्हे

सही करतो म्हणालो का मी — नाही ना, मग तो कागद आधी खाली ठेवा, आणि बसायचं तर नीट बसा, काठावर टेकू नका, माझ्या अंगातून काही निघत नाही. साडूच्याही नाही. काल दवाखान्यात तुम्ही त्याच्याशी दारातूनच बोललात, नाकाला रुमाल लावून — बघितलं मी. कंपनीचे चौकशी अधिकारी म्हणे. अहो, त्या तुकड्याचे किरण त्याच्या हातातून आरपार निघून गेले, मागे फक्त करपलेलं मांस ठेवून. किरण सोडणारी धूळ अंगाला लागली, पोटात गेली, तर ती गोष्ट वेगळी — पण आमचा किरणोत्सारी धातूचा तुकडा पोलादी डबीत बंद असतो. त्यामुळे माणूस कुणाला बाधत नाही. पण तुम्हाला बघून माझी मेहुणी, त्याची स्वतःची बायको, त्याचा पेला वेगळा ठेवायला लागली.

वाचून दाखवू नका, मला वाचता येतं. काय लिहिलंय — 'तुकडा जुना, शक्ती निम्मी झालेली.' निम्मा म्हणजे संपला नव्हे, साहेब. त्या धातूचा अणू मुळातच अस्वस्थ, आतलं काहीतरी बाहेर फेकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कुठला अणू कधी फुटेल ते कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही — तापवा, गोठवा, घण घाला, तो आपल्याच चालीनं चालणार. पक्कं काय, तर चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मे उरतात, पुढच्या चौऱ्याहत्तरांत त्या निम्म्यांचे निम्मे. मिरीएवढा तुकडा — निम्मा झाला तरी बोटं खायला पुरून उरतो.

आणि हे कुणाचं डोकं — 'चामडी हातमोजे वापरले नाहीत'? अल्फा किरण असते तर कागदानं अडले असते, बीटा असते तर पत्र्यानं. आमचे गॅमा, इंचभर पोलादातून जातात, म्हणून तर पाइपाच्या सांध्याचा फोटो निघतो — मागे फिल्म लावायची, आत चीर असली की काळी उमटते. चामडं त्यांना काय डोंबल अडवणार.

पुढे वाचतो ना, थांबा. 'तुकडा पेटीत परतल्याची खात्री न करता, सोबत्याला न विचारता पुढे गेलो.' हे साडूनं सांगितलं? स्वतःहून? आणि खाली साक्षीदार म्हणून मी सही करायची — वा.

खोटं बोलतो तो. बारा वर्षं जोडीनं काम केलं, न विचारता एकदा पुढे गेला नाही. त्या दिवशी दोन सांधे राहिले होते — मी मूठ फिरवून तुकडा नळीतून मागे जाड पेटीत ओढला, तो लांबून म्हणाला, आत गेला का रे? मी म्हटलं, गेला, मीटरचा काटा शून्यावर आहे. मग त्यानं उघड्या हातानं नळी सोडवली, पुढच्या सांध्याला नेऊन बसवली, तीन-चार मिनिटं — चटका नाही, वास नाही, काही नाही, वर मला म्हणतो, तुझ्या बायकोच्या बहिणीनं वाट बघून बघून जेवण गार केलं असेल. तुकडा पुन्हा बाहेर ढकलायला मी मूठ फिरवली, नेहमीपेक्षा चार वेढे कमी भरले, तेव्हा कळलं. तुकडा नळीतच होता. नवव्या दिवशी बोटं उकडल्यासारखी झाली. परवा दोन काढली.

मीटर? होता की, माझ्याच हातात. शून्यच दाखवत होता, सकाळपासून — सेल संपून बंद होता तो. कंपनीनं नवे सेल दिले नव्हते का, विचारता? दिले होते. आदल्या दिवशीच. माझ्या खिशात होते, पाकीटही फोडलं नव्हतं. बदलायला मिनिट लागतं — म्हटलं, जेवून झाल्यावर बदलू.

हे त्याला ठाऊक आहे. त्या दिवसापासून ठाऊक आहे.

बघताय काय असे. कोरा कागद ठेवा इथे आणि निघा. दार ओढून घ्या.