दादानं प्रार्थनेत घेतलेलं नाव

पाळकसाहेब, वहिनी, आणि शिफ्ट सोडून आलेल्या माझ्या भावांनो, जय ख्रिस्त. मला बोलायला येत नाही. पण थोरल्या भावाला मातीत ठेवून आलोय, आता धाकट्यानं तोंड उघडलंच पाहिजे.

शमुवेलदादा कसा गेला, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी सांगणार. कंपनीच्या गेटवर दोन युनियनवाले भिडले. दादा मधे पडला, सोडवायला. त्यातल्या एकानं, बबननं, घुमवून लोखंडी सळई घातली डोक्यात. दादा खाली पडला, तरी दुसरा घाव घातला! कवटी फुटल्याचा आवाज ऐकलाय का कुणी? मी ऐकलाय. माझ्या शर्टाचं रक्त निघेना, वहिनींनी तो बंबात घालून जाळला. आणि हा बबन कोण? भट्टीवर दादाच्या शेजारी उभा राहणारा. दर नाताळला आमच्या घरी करंज्या खाणारा!

दवाखान्यात दादा शुद्धीवर आला. म्हणाला, प्रार्थना करू. आमच्या घरची पद्धत अशी, की हात धरायचे आणि ज्याच्यासाठी देवाची दया मागायची, त्याचं नाव प्रत्येकानं मोठ्यानं घ्यायचं. खाटेभोवती हात धरले. वहिनींनी दादाचं नाव घेतलं. मीही दादाचंच घेतलं. मग दादा. ओठ फुटलेले, शब्द निघत नव्हता. म्हणाला, "बबन."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. हात झटकला. ओरडलो, "डोकं फिरलंय का तुझं? त्या कुत्र्याला देवाची दया? तुकडे करून पवना नदीत टाकतो त्याचे!"

दादा काय म्हणाला? "येड्या, देवाची दया काय रेशनची साखर आहे? त्याला दिली म्हणून आपल्याला कमी पडंल? हात धर."

नाही धरला. संध्याकाळी दादा गेला.

देवाची दया अथांग आहे म्हणता ना, पाळकसाहेब? मग गेटवर कुठं होती ती? काल गुडघे टेकून हेच विचारलं मी. प्रार्थना कसली, भांडणच! त्यातून एवढंच कळलं, की दादानं बबनसाठी दया मागून ठेवलीय. देव दादाला नाही म्हणेल का? मग मधे आडवा पडणारा मी कोण?

बाहेर भिंतीला सळया टेकवून आत आलाय तुम्ही. दिसल्यात मला. सभा संपली की दिघीला जायचं ठरलंय. बबन मेहुण्याकडं लपलाय, ही बातमी मीच दिली होती. पुढंही मीच चालणार होतो. होय ना, राव?

जायचं नाही. बबन तिथं नाही. आज सकाळी मी पोलिसांना घेऊन गेलो आणि त्याला धरून दिलं. त्याला वाटलं, मारायलाच आलोय. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? गाडी निघेपर्यंत ते खिशातून बाहेर काढले नाहीत.

द्या शिव्या मला. वहिनी, तुम्हीही द्या. माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तोंडातून निघतच नाही ते. मारलं नाही, एवढंच जमलं. बाकीचं देवानं बघावं.

आता उठा. मान खाली घाला. आणि पाळकसाहेब आमेन म्हणेपर्यंत कुणी दाराकडं बघायचं नाही.