खंडेनवमीला मांडलेली मशीनगन

माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मला फसवलं. निखिल त्याचं नाव, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या घरातली मशीनगन त्यानं न विचारता उचलून नेली आणि पोलिसांना सांगितलं की दाजींनीच हातात दिली. तुम्ही पेपरवाले आहात, तर हे आधी लिहा, बाकीचं मग.

मशीनगन म्हटल्यावर तुम्ही दचकलात, सगळेच दचकतात, म्हणून मुळापासून सांगतो. मी इचलकरंजीचा. वडील सूतगिरणीच्या गेटवर राखणदार, खांद्याला मालकाची दुनळी बंदूक, आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्या नोकरीत त्यांनी एकदाही चाप ओढला नाही, निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, एवढंच. पण खंडेनवमीला ते गेटवरच पाट मांडून तिची पूजा करायचे, झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि एकदा मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, तोवर हातात नुसती काठी. आई म्हणायची, दुसऱ्याच्या हत्याराचे एवढे लाड. ते माझ्या डोक्यात बसलं. आपलं हत्यार पाहिजे, आपल्या नावाचं.

मी लेथवर हात बसवला, एका कंपनीनं टेक्सासला आणलं, ती कंपनी बुडाली, तर मी तिचाच जुना लेथ भांडून भांडून घेतला आणि अर्विंगला शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं वर्कशॉप काढलं. एक म्हातारा गोरा ट्रॅक्टरचे पार्ट करून न्यायला यायचा, त्याच्याकडे महायुद्धातली ही गन होती. इकडचा कायदा असा, की नवी मशीनगन सामान्य माणसाला मिळतच नाही, शहाऐंशीच्या आधी नोंदलेली जुनी असेल तरच, आणि तीसुद्धा टेक्साससारख्या राज्यात. कॅलिफोर्नियात नाव काढायची सोय नाही. म्हाताऱ्याशी मी आठ महिने घासाघीस केली, तीनदा उठून निघालो, चौथ्यांदा त्यानंच फोन केला.

मग फॉर्म, बोटांचे ठसे, फोटो, वर शेरीफची सही. न्यूयॉर्कच्या त्या इमारती पडून वर्षच झालेलं. शेरीफ माझ्या फोटोपेक्षा तोंडाकडेच जास्त वेळ बघत होता. कशाला पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, पूजेला. तो हसला आणि सही केली. ग्रीन कार्ड होतं, रेकॉर्ड साफ होतं, चोरून काही केलं नाही. एक अट मात्र पक्की, ज्याच्या नावावर त्याच्याच ताब्यात. नोंद न करता दुसऱ्याच्या हातात दिली तर घेणाराही अडकतो आणि देणाराही. मुलगी म्हणाली, बाबा, व्हाय डू यू इव्हन नीड इट?

गेल्या साली दसऱ्याला निखिल आला. अष्टमीच्या संध्याकाळी मी गन साफ करत बसलो होतो, तेलाचा हात फिरवत होतो, तर हा समोर मांडी घालून बसला. म्हणाला, दाजी, आमच्याकडे नुसता फोटो ठेवला तरी लोक घाबरतील यार, आणि तुम्ही हिला हळदकुंकू लावता. उद्या आमच्या इथल्या ऑफिसचे दोन मित्र येतायत, गावाबाहेर जाऊ, दोन राउंड मारू द्या. मी म्हटलं, नाही. तू व्हिसावर आहेस, तुला साधं पिस्तूलसुद्धा हातात घेता येत नाही. तो म्हणाला, इचलकरंजीचा वाघ घाबरला वाटतं. मी चिडलो, जे बोलायला नको ते बोललो, त्याच्या बापापर्यंत गेलो. सुलभा, माझी बायको, शेजारीच फुलं ओवत होती. सगळं तिच्यासमोर झालं.

नवमीला घरी गनची पूजा केली आणि दुपारी आम्ही दोघं वर्कशॉपवर मशिनींच्या पूजेला निघालो. निखिल म्हणाला, डोकं दुखतंय, मी पडतो. सुलभा म्हणाली, अहो, ती कपाटात टाका आणि कुलूप लावा. मी म्हटलं, मांडलेलं हत्यार उचलत नाहीत. ही माझी चूक, लिहा, मी नाकारत नाही. गन रिकामी होती, काडतुसं गॅरेजमध्ये, आणि घरात माणूस आपलाच, असा हिशेब मी केला. आयुष्यभर सौदे केले आणि घरातलाच माणूस ओळखता आला नाही.

परत आलो तर पाटावर माळ तेवढी पडलेली. त्यानं भाड्याच्या गाडीतून ती मित्रांबरोबर मोकळ्या रानात नेली, गॅरेजमधल्या काडतुसांचा पट्टा लावून गोळ्या झाडल्या, शेजारच्या रँचवाल्यानं आवाज ऐकून पोलिसांना बोलावलं. कागद कुठाय म्हणाले. कागद माझ्याकडे. मग ह्यानं सांगितलं, दाजींनी दिली, म्हणाले जा, मजा कर.

आता तो साक्षीदार आणि मी आरोपी. त्याला सोडलं, कारण तो माझ्याविरुद्ध बोलणार आहे. गन जप्त झाली, ती वितळवतील असं ऐकतो. तिचं मी सोडून दिलं. पण वकील म्हणतो, गुन्हा शाबीत झाला तर ग्रीन कार्ड जाईल आणि शिक्षा भोगल्यावर तुम्हाला इंडियात पाठवतील. इथं अठरा वर्षं काढल्यावर. वर्कशॉप कुणाच्या हवाली करू, मुलीचं कॉलेज अर्धं राहिलंय, आणि इचलकरंजीत माझं आता कोण आहे?

निखिलला मी फोन केला होता. म्हटलं, खरं सांग, मी तुला वकील देतो, लागेल तो देतो. तो म्हणाला, दाजी, खरं सांगितलं तर मला उद्या विमानात बसवतील, तुमचं निदान आयुष्य तरी झालंय. असं म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला.

वकील म्हणतो, अष्टमीच्या संध्याकाळी तुम्ही नाही म्हणालात हे ऐकणारं एकच माणूस आहे. ते माणूस अकरा महिने माझ्याशी धड बोलत नाही. तिनं खरं सांगितलं तर भाऊ खोट्या जबानीत जातो, नाही सांगितलं तर नवरा जातो. मला कळतं हो, मी दगड नाही. राखी अजून तिच्या पर्समध्ये आहे, ह्या वर्षी पाठवली नाही, टाकूनही दिली नाही. पण सुनावणी सोमवारी आहे.

ती आतच आहे, सगळं ऐकतेय. थांबा, लिहिणं बंद करू नका. सुलभा, बाहेर ये. ह्यांच्यासमोर सांग, मी त्याला नाही म्हणालो होतो की नव्हतो?