खालच्या रेघा

— नाही हो, उठताय कशाला, बसा. त्या चित्रासमोर मान वाकडी करकरून बघण्यासारखं काही नाही, एवढंच म्हणत होतो मी. काय दिसलं तुम्हाला त्यात? पाऊस? शाबास! काल एका बाईंना नांगरलेलं शेत दिसलं, त्याआधी एकाला बायकोचे विस्कटलेले केस — अमूर्त चित्राचं हेच तर सुख, जो जे घेऊन येतो ते त्याला परत मिळतं. पण ते माणसाने काढलेलं असेल तर! हे यंत्राने काढलंय. हो, यंत्राने, खालची पाटी वाचलीत ना — संगणकाचं आरेखन. झाग्रेबात सध्या हेच खूळ. कुठून कुठून विद्वान येतात, गळ्यात बिल्ले अडकवतात, कॉफी पितात आणि एकमेकांना सूत्रं ऐकवतात. इंजिनियर झाले चित्रकार. आणि चित्रकार? चित्रकार इथे बाकावर बसलेत.

हो, मीच. द्रागुतिन पेर्कोवेत्स. नाही ना ऐकलं नाव? राहू द्या, बिचकू नका. रेघा काढायचो मी. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही, भिंतीएवढा कॅनव्हास आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात एक रेघ. लोक म्हणायचे, यात काय मोठंसं, पट्टीने कुणीही काढेल. मग काढा म्हणावं! — आणि हे जे तुम्ही बघताय ना, ते केलंय नेवेंकाने. माझी बायको. चित्रकार-बित्रकार नाही हो, मोजणी खात्यात कामाला आहे. कपाटाएवढं यंत्र, त्याला भोकं पाडलेली कार्डं भरवायची, की ते शेताबांधांचे हिशेब करतं, आणि शेजारच्या टेबलावर एक पेन आपोआप फिरून नकाशा काढतं. तर बाईसाहेबांना एका रविवारी सुचलं, नकाशाऐवजी याला दुसरंच काही सांगितलं तर? झालं! चौकोन काढ म्हटलं, काढले. जरा कलते कर म्हटलं, केले. किती कलते ते तूच ठरव, फासा टाकून — टाकला त्याने फासा! घरात कागदाच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या, पलंगाखाली, कपाटावर. ढिगातून एखादा ठेवायची, बाकीच्यांवर बटाटे सोलायची. मी म्हणायचो, "अगं, काढतंय यंत्र, तर तू कशाने दमतेस?" म्हणे, "निवडून दमते." निवडून! बाजारात टोमॅटो निवडतात तसं. याला म्हणे कला.

मग त्या हिवाळ्यात माझ्या हाताचं हे सुरू झालं — विशेष काही नाही, जरासा कंप. कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टर म्हणाला दारू सोडा, सोडली, तर हात आपला तसाच. एक दिवस नेवेंका चौकटी आखलेला कागद पुढ्यात ठेवून म्हणाली, "द्रागो, रेघा काढ ना जरा. डावीकडून उजवीकडे." मला वाटलं, डॉक्टरला दाखवायच्या असतील. काढल्या. तेव्हापासून दर रविवारी काढल्या, सगळा वसंत, सगळा उन्हाळा. ही पट्टी घेऊन बसायची, रेघ कुठे किती ढळली ते मोजायची आणि कार्डांना भोकं पाडायची. मी म्हटलं, मोज बाई, जमिनी संपल्या असतील तर नवऱ्याचाही नकाशा काढ.

आणि पानगळीत हे घेऊन आली. हेच चित्र. वरच्या रेघा बघा, ताठ, श्वास रोखलेल्या — त्या माझ्या चांगल्या दिवसांतल्या, जुन्या कॅनव्हासांवरून मोजून घेतलेल्या, झोपेतही ओळखीन. त्याखाली तो हिवाळा. मग बघा कशी हुडहुडी भरत जाते कागदाला. मी काय केलं? फाडलं. मधोमध. तर ही शांतपणे म्हणते, "फाड. ते आणखी एक काढेल." काय बोलायचं अशा बाईशी! मी ओरडलो, माझं दुखणं भिंतीवर टांगणार आहेस का लोकांना बघायला? तर म्हणाली, "यंत्राला आपणहून सुचतात त्या रेघा मला आवडत नाहीत. तुझ्या आवडतात." — अहो, हसताय काय? यात हसण्यासारखं काय आहे?

आणि उद्घाटनाला ते प्रोफेसर कुंडिच! याच चित्रापुढे छाती काढून म्हणाले, "यदृच्छेचा शुद्ध आविष्कार, मानवी हाताचा लवलेशही नाही." लवलेश नाही! टाळ्या पडल्या. नेवेंकाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. बोलणार होतो मी, जिभेवर आलं होतं — पण तिने नवा कोट शिवला होता त्या दिवसासाठी. जाऊ दे म्हटलं.

तुम्ही परगावचे दिसता म्हणून सांगतो. ते सगळ्यात खाली बघा — रेघ म्हणून उरतच नाही, नुसता गुंता. ते मी काढलेलं नाही. कसं असेल? माझे कागद जिथे संपले तिथून पुढे तिने यंत्राला सांगितलं, हे असंच वाढत गेलं तर कसं दिसेल ते काढ. आणि त्या बिनडोक खोक्याने काढलं. मी विचारलं, "नेवेंका, हे खालचं कुणाचं?" उठली, दूध उतू जातंय का बघायला गेली. शेगडीवर दूध नव्हतंच.

म्हणून येतो मी इथे. बघायला नाही, तपासायला. घरून एक रेघ काढून आणतो, खिशात घालून, आणि कुठे जुळते ते बघतो. यंत्राच्या हिशेबाने मी आत्ता तिथे असायला हवा होतो, त्या गुंत्याच्या तोंडाशी. नाही! मी अजून वर आहे, चांगला वर. साफ चुकलंय ते. एवढी कार्डं, एवढी वीज, आणि — काय? आजचा कागद? आजचा नाही आणला. आणला असला तरी तुम्हाला कशाला दाखवू, तुम्ही कोण माझे, डॉक्टर? आणि हाताकडे काय बघताय माझ्या? चित्र भिंतीवर आहे, तिकडे बघा. नाहीतर जा, ट्राम येईल तुमची.

जा म्हटलं ना.