खांबाची कडी

घाटंजीच्या बसस्टँडवर जुन्या जमीनदाराचे, म्हणजे इजारदाराचे, नातू नरहरराव आणि त्यांच्याच गावातले नानाजी एकाच बाकावर बसले होते. मध्ये एका माणसापुरती जागा होती, म्हणून मी बसलो.

"नानाजी, आमचा बंगला किती जुना आहे, एवढी साक्ष तुम्ही दिलीत की तो सरकारी जतनात येईल. पाहणीला येणाऱ्या साहेबांसमोर जुनं उकरू नका."

"मी कुठं पाडा म्हनून राह्यलो? पन व्हरांड्यातल्या खांबाची लोखंडी कडी काहून काढली?"

"गंजली होती. लोकांच्या कपड्यांना लागली असती."

"माया आज्याच्या मनगटाले लागे, तवा नाही काढली."

"हळू बोला. लोक ऐकतात."

मी मोबाइलमध्ये पाहू लागलो. मोबाइल बंद होता.

"वेठीले नाही गेला, तं तुमच्या आज्यानं दिवसभर बांधून ठेवलं त्याले. खांबावरच्या पाटीवर काय लिवलं तुमी?"

"इथे बैल बांधत."

"बैल? व्हरांड्यात? पाहुन्याच्या खुर्चीजवळ?"

"असेल एखादा लाडका."

"कडी परत लावा. नाहीतं तुमची पाटी खरी हाय, असं सांगतो साहेबाले."

"मग तर प्रश्नच मिटला!"

"हो ना. साहेबानं इचारलं, तुमी कोन, तं सांगीन, त्या बैलाचा नातू."